वापरलेले किंग एअर बी-२००: व्यवसायाच्या प्रवासासाठी घ्यावे का?

ज्या कंपनीची मुख्य कचेरी मुंबईत किंवा पुण्यात आहे आणि कारखाने कोल्हापूर, जळगाव, नांदेड, चंद्रपूर अशा एकमेकांपासून दूरच्या जिल्ह्यांत आहेत, त्या कंपनीत कधी ना कधी स्वतःच्या विमानाचा विषय निघतोच. आमच्याकडेही तो निघाला. वापरलेली दोन इंजिनांची टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारी, विमाने पाहण्याचे, त्यांची कागदपत्रे वाचण्याचे आणि घेतलेल्या विमानाच्या खर्चाचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामातून बीचक्राफ्टच्या किंग एअर बी-२०० या विमानाविषयी जे मत बनले ते येथे मांडत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: महाराष्ट्रातील अंतरे आणि धावपट्ट्या पाहता या वर्गात याहून योग्य विमान मला दिसलेले नाही. मात्र ते जुने घेताना आपण पैसे मोजतो ते त्याच्या इंजिनांत उरलेल्या तासांसाठी आणि त्याच्या नोंदवह्यांच्या विश्वासार्हतेसाठी, आणि विक्रेत्याने सांगितलेली किंमत या दोन्ही गोष्टींविषयी फारच थोडे सांगते.

किंग एअर २०० ने पहिले उड्डाण ऑक्टोबर १९७२ मध्ये केले, डिसेंबर १९७३ मध्ये त्याला अमेरिकेत प्रमाणपत्र मिळाले आणि १९८१ मध्ये बी-२०० ही सुधारित आवृत्ती आली. दोन्ही बाजूंना प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचे प्रत्येकी ८५० अश्वशक्तीचे पीटी६ए-४२ इंजिन आणि आधीच्या आवृत्तीपेक्षा अधिक हवेचा दाब धरणारी केबिन ही तिची मुख्य वैशिष्ट्ये. हा दाब प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विमान २५ हजार फुटांवर असताना आतील हवा साधारण कळसूबाईच्या माथ्यावर असते तितकीच विरळ असते, त्यामुळे दोन तासांच्या प्रवासानंतर उतरून थेट बैठकीला बसताना डोके जड झालेले नसते. किंग एअर कुटुंबातील सात हजारांहून अधिक विमाने आजवर बाहेर पडली असून भारतातही राज्य सरकारे, सीमा सुरक्षा दल, रुग्णवाहतूक करणाऱ्या संस्था आणि खासगी कंपन्या ती वर्षानुवर्षे वापरत आल्या आहेत. म्हणूनच या विमानाचा परवाना असलेला देखभाल अभियंता आणि या विमानावर तास भरलेला वैमानिक आपल्या देशात मिळतो. मित्सुबिशीचे एमयू-२ किंवा सेस्नाचे कॉन्क्वेस्ट ही आपापल्या परीने चांगली आणि वेगवान विमाने आहेत, पण दोघांचेही उत्पादन १९८६ मध्ये थांबले. इटलीच्या पियाज्जिओ अवांतीचा वेग तर लहान जेटच्या जवळ जातो. तरीही एखादा सुटा भाग न मिळाल्यामुळे विमान हँगरमध्ये अडकून पडले, तर त्या वेगाचा मालकाला काही उपयोग होत नाही.

वेगाविषयी संचालक मंडळात सर्वांत अधिक चर्चा होते, म्हणून तो प्रश्न येथेच संपवतो. मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर आहे. बी-२०० प्रत्यक्षात २६० ते २७० नॉटच्या, म्हणजे ताशी ४८० ते ५०० किलोमीटरच्या, वेगाने जाते, म्हणजे चढण्या-उतरण्यासह हा प्रवास दीड तासाच्या थोडा वर जातो. लहान जेट या अंतरावर वीस-पंचवीस मिनिटे वाचवते, आणि कोल्हापूर किंवा सोलापूरसारख्या जवळच्या ठिकाणी तर हा फरक जवळजवळ नाहीसाच होतो. त्या मिनिटांसाठी बरेच अधिक इंधन जाळावे लागते आणि लांब धावपट्टीची गरज आपल्यामागे कायमची लागते.

खरी मेख वजनात आहे, आणि विक्रीच्या माहितीपत्रकात ती कोणी ठळकपणे लिहीत नाही. बी-२०० चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ५,६७० किलो आहे. दोन वैमानिक आणि नेहमीची सामग्री धरून रिकामे विमान ३,९०० ते ४,००० किलोंच्या घरात जाते. टाक्यांत ५४४ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे २,०६० लिटर इंधन मावते आणि त्याचे वजन १,६५० किलोंच्या आसपास भरते. ही बेरीज केली की लक्षात येते की टाक्या पूर्ण भरल्या तर माणसांसाठी जेमतेम जागा उरते, आणि आठही आसने भरली तर टाक्या निम्म्याच भरता येतात. आठ प्रवासी व त्यांचे सामान ८०० किलो धरले तर इंधनासाठी ९०० किलो उरतात. पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यासाठीचे आणि राखीव असे सुमारे ३०० किलो बाजूला काढले की दोन तासांचे उड्डाण हाती राहते. एवढ्यात मुंबईहून नागपूर, हैदराबाद किंवा बंगळुरू आरामात होते. दिल्लीला मात्र पाच-सहा जणांनीच जावे. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून त्या विशिष्ट विमानाचा अलीकडचा वजनाचा अहवाल मागून घ्यावा, कारण जुन्या विमानात वर्षानुवर्षे बसवलेली उपकरणे, जाड गालिचे आणि लाकडी कपाटे यांनी रिकामे वजन बरेच वाढलेले असू शकते, आणि त्यातील प्रत्येक किलो शेवटी प्रवाशाच्या किंवा इंधनाच्या वाट्यातून वजा होतो.

याच हिशेबाची एक चांगली बाजूही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनेक धावपट्ट्यांवर विमानाचे इंधन मिळेलच असे धरून चालता येत नाही. तीन-चार माणसे घेऊन निघालेले बी-२०० मुंबईतूनच परतीचे इंधन घेऊन जाऊ शकते, आणि सकाळी कारखान्यावर जाऊन संध्याकाळी परतण्याच्या कामात हा गुण वेगापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

धावपट्टीचेही तसेच आहे. समुद्रसपाटीवर, प्रमाण तापमानात, पूर्ण वजनाने ५० फुटांचा अडथळा ओलांडण्यासाठी बी-२०० ला सुमारे ७९० मीटर लागतात, आणि उतरण्यासाठी सुमारे ८७० मीटर. जुहूची धावपट्टी १,१४३ मीटरची आहे, त्यामुळे हे आकडे वाचून खरेदीदार निश्चिंत होतो. परंतु विचारायचा प्रश्न वेगळा आहे: विमान उचलण्याच्या क्षणी एक इंजिन बंद पडले, तर थांबण्यासाठी किती धावपट्टी लागेल? मे महिन्याच्या दुपारी, पूर्ण वजनाने, या प्रश्नाचे जुहूवरचे उत्तर समाधानकारक येत नाही, आणि म्हणून तेथून निघताना वजन कमी ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास आहेत, आणि विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उंची आणि उष्णता मिळून हवा विरळ होते आणि पुस्तकातील सर्व अंतरे वाढतात. आपण जेथे जाणार आहोत त्या प्रत्येक धावपट्टीसाठी, एप्रिल-मेच्या दुपारचे तापमान धरून, वैमानिकाकडून हे कोष्टक लेखी करून घ्यावे, आणि खरेदीचा निर्णय ते हाती आल्यावरच घ्यावा. रात्रीचे दिवे, हवामानाची माहिती आणि नियंत्रण कक्षाच्या वेळा यांचीही खात्री त्याच वेळी करावी.

आता इंजिनांकडे येतो, कारण या खरेदीतील सर्वाधिक पैसा तेथे आहे. पीटी६ हे अत्यंत विश्वासू इंजिन आहे आणि त्याची ख्याती सार्थ आहे. पण त्याचे आयुष्य तासांत मोजलेले असते. बी-२०० वरील इंजिनाचे संपूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे ते पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवणे, ३,६०० तासांनी आणि त्याच्या मध्यावर, १,८०० तासांच्या सुमारास, ज्वलनकक्ष व टर्बाइनच्या उष्ण भागाची तपासणी अपेक्षित असते. एका इंजिनाच्या ओव्हरहॉलला काही कोटी रुपये लागतात. दोन्ही इंजिने मुदतीच्या जवळ आली असतील, तर हा खर्च जुन्या विमानाच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत सहज पोचतो. म्हणून ओव्हरहॉलला तीनशे तास उरलेले स्वस्त विमान आणि नुकतेच ओव्हरहॉल झालेले महाग विमान यांची तुलना करताना उरलेल्या तासांची किंमत काढून दोन्ही एका पातळीवर आणल्याशिवाय कोणते खरोखर स्वस्त आहे हे कळत नाही. आम्ही पाहिलेल्या विमानांपैकी जे सर्वांत स्वस्त दिसत होते, ते या हिशेबानंतर सर्वांत महाग ठरले.

परंतु तास हीच एक कसोटी नाही, हे मला अधिक आग्रहाने सांगायचे आहे. आपल्याकडची कंपन्यांची विमाने थोडी उडतात आणि बराच काळ उभी असतात. ‘फार कमी वापरलेले’ असे विक्रेता अभिमानाने सांगतो, आणि गाडी घेण्याची सवय असलेला खरेदीदार ते ऐकून खूश होतो. किनारपट्टीवर उभ्या राहिलेल्या टर्बाइनच्या बाबतीत मात्र ही गोष्ट काळजीची आहे. हवेतील खार कॉम्प्रेसरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांवर बसतो, आणि इंधनातील गंधक व समुद्राच्या हवेतील क्षार यांच्या संयोगाने उष्ण भागातील पात्यांना गंधकजन्य गंज लागतो. जुहू, गोवा किंवा कोचीन येथे वर्षे काढलेल्या विमानाच्या नोंदींत कॉम्प्रेसर नियमितपणे शुद्ध पाण्याने धुतल्याच्या नोंदी आहेत की नाहीत, हे मी प्रथम पाहीन. त्यानंतर बोअरस्कोप, म्हणजे इंजिनात नळीवाटे कॅमेरा घालून केलेली तपासणी, स्वतःच्या अभियंत्यासमोर करून घ्यावी आणि तिची चित्रे स्वतःकडे ठेवावीत. उड्डाणागणिक तापमान, टॉर्क (प्रोपेलर फिरवणारा जोर) आणि इंधनप्रवाह यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या असतील, तर त्या वर्षभराच्या मागून घ्याव्यात. त्याच टॉर्कसाठी तापमान हळूहळू वाढत गेलेले दिसले, तर त्या इंजिनात पुढे काय वाढून ठेवले आहे ते तेथेच कळते.

इंजिनाबाहेरही मुदतीने येणारी मोठी कामे आहेत, आणि ती विमान उडो वा न उडो, दिनदर्शिकेप्रमाणे येतातच. चाकांच्या यंत्रणेचे ओव्हरहॉल, प्रोपेलरांचे ओव्हरहॉल, पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टांची तपासणी व ठरावीक वर्षांनी त्यांची बदली, आणि प्रत्येकी २०० तासांच्या चार टप्प्यांत विभागलेली, दोन वर्षांत पूर्ण करायची नेहमीची तपासणी ही त्यांतील मुख्य. पुढची गरम होणारी काच, पंखांच्या कडेवरील बर्फ तोडणारे रबरी पट्टे आणि पंखांतील रबरी इंधनटाक्या यांचे वय स्वतंत्रपणे विचारावे, कारण हे भाग बदलायला लागणारा खर्च पाहून नवखा मालक हबकतो. शौचालयाच्या खालचा आणि जमिनीच्या फळ्यांखालचा भाग उघडून गंज पाहावा.

हे सारे कागदावर सिद्ध झाले पाहिजे. विमान कारखान्यातून निघाल्या दिवसापासूनच्या धडाच्या, दोन्ही इंजिनांच्या आणि दोन्ही प्रोपेलरांच्या नोंदवह्या अखंड असाव्यात. ठरावीक चक्रांनंतर (इंजिन सुरू होऊन उड्डाण करून बंद होणे हे एक चक्र) टाकून द्याव्या लागणाऱ्या टर्बाइनच्या चकत्यांचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास हवा, आणि उड्डाणयोग्यतेच्या प्रत्येक अनिवार्य आदेशाची पूर्तता कधी व कोणी केली याची सही हवी. आम्हाला दाखवलेल्या एका विमानाचा रंग नवा होता, आसने नवी होती, कॉकपिटमधील माहिती दाखवणारे स्क्रीनही नवे होते, आणि एका इंजिनाच्या मधल्या काही वर्षांच्या नोंदी मात्र ‘मागच्या मालकाकडे असतील’ एवढेच उत्तर मिळाले. अशा वेळी सवलत मागू नये, विमान सोडून द्यावे; ज्या चकतीचा इतिहास सिद्ध होत नाही ती चकती तांत्रिकदृष्ट्या निरुपयोगीच धरावी लागते.

हा आग्रह कोणाला अतिरेकी वाटू नये. २८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपर येथे जे किंग एअर सी-९० कोसळले, ते पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे होते. अपघातग्रस्त झाल्यावर ते विकले गेले, दीर्घकाळ दुरुस्तीत राहिले, आणि त्या दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणासाठी जुहूहून निघाले होते. विमानातील चारही जण आणि जमिनीवरील एक व्यक्ती त्यात मृत्युमुखी पडली. वर्षानुवर्षे जमिनीवर राहिलेले, मोठी दुरुस्ती झालेले विमान कितीही आकर्षक किमतीला मिळत असले, तरी व्यवसायाच्या प्रवासासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याच्या नेहमीच्या कार्यशाळेत करू नये. किंग एअरवर काम करण्याची मान्यता असलेल्या, पण त्या विमानाशी पूर्वी संबंध न आलेल्या संस्थेकडे विमान न्यावे, आणि कोणत्या त्रुटी कोण दुरुस्त करील हे विसार देण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे. विमान परदेशातून आणायचे असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आयात विमानांच्या वयाला मर्यादा घातलेली आहे. १९८० च्या दशकातील स्वस्त विमान अमेरिकेतून आणण्याचा विचार बहुतेक वेळा तेथेच संपतो. भारतात आधीच ‘व्हीटी’ ही भारतीय नोंदणी असलेले विमान घेतल्यास हा प्रश्न उरत नाही, आणि पूर्वीची देखभालही येथेच झालेली असल्याने तिची पडताळणी करता येते.

करांबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण ती मोठी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर अन्य वापराच्या विमानांवर तो ५ टक्केच आहे. आपले विमान कोणत्या वर्गात मोडेल, ते खासगी वर्गात नोंदवायचे की अनियमित वाहतुकीच्या (वेळापत्रकाशिवाय भाड्याने उड्डाणे करण्याच्या) परवान्यावर चालवायचे, हे करसल्लागार आणि विमान वाहतुकीचा जाणकार यांना एकत्र बसवून आधी ठरवावे. खासगी वर्गातील विमान भाड्याने देता येत नाही, आणि ‘मोकळ्या दिवशी भाड्याने देऊ’ या आशेवर खर्चाचे गणित जुळवलेले असेल तर ते कोलमडते. इंधनाच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड येथील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. तासाला साडेतीनशे ते चारशे लिटर पिणाऱ्या विमानाच्या मालकासाठी हा लहानसहान दिलासा नाही.

वैमानिकांवर काटकसर करू नये. बी-२०० एका वैमानिकाने चालवण्यास प्रमाणित आहे, पण पावसाळ्यात सह्याद्रीवरून, ढगांतून, लहान धावपट्टीकडे उतरताना दुसरा अनुभवी वैमानिक शेजारी असणे मी अनिवार्य मानतो. २२ डिसेंबर २०१५ रोजी सीमा सुरक्षा दलाचे बी-२०० दिल्लीहून रांचीला निघाल्यावर काही क्षणांतच द्वारकेजवळ कोसळले आणि दहाही जण गेले. धुक्याच्या वातावरणात उड्डाणानंतर लगेच, ठरलेली दिशा धरून ठेवण्याची सोय (हेडिंग मोड) न निवडता ऑटोपायलट जोडला गेला आणि विमान कलत गेले तरी ते सावरले गेले नाही, असे तपासात निष्पन्न झाले. दोन वैमानिक असणे पुरेसे नाही, त्यांनी एकत्र सराव केलेला असणे आवश्यक आहे. सिम्युलेटरवरील नियमित प्रशिक्षणाची तरतूद म्हणूनच वार्षिक अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत असावी.

केबिनविषयी फार लिहिण्याची गरज नाही. उंची १.४५ मीटर असल्याने वाकूनच चालावे लागते. समोरासमोरची चार आसने बैठकीसाठी उत्तम आहेत, आणि मागचे सामान दाबाच्या केबिनमध्येच असल्याने प्रवासात हाताशी येते. प्रोपेलरांच्या रेषेतील आसनांवर आवाज जाणवतो. चार पात्यांच्या प्रोपेलरांच्या विमानात तो सुसह्य आहे, तीन पात्यांच्या जुन्या विमानात पुढे बसून फोनवर बोलणे कठीण जाते.

निवड करायची झाल्यास माझा कल भारतातच नोंदणी झालेल्या, १९९० च्या दशकातील किंवा नंतरच्या, चार पात्यांच्या प्रोपेलरांच्या, हायड्रॉलिक दाबाने चाके वर-खाली होणाऱ्या आणि दोन्ही इंजिनांत किमान दीड हजार तास उरलेल्या बी-२०० कडे राहील. अंदाजपत्रक परवानगी देत असेल, तर २००७ पासून आलेले बी-२००जीटी, ज्यात पीटी६ए-५२ इंजिने आहेत, उष्ण हवेतील चढाईत आणि वेगात स्पष्टपणे सरस आहे, आणि नागपूर-चंद्रपूरकडे वरचेवर जाणाऱ्यांनी त्यासाठी अधिक पैसे मोजणे योग्य ठरेल. वर्षाला दीडशे-दोनशे तासांपेक्षा कमी उड्डाण होणार असेल, तर मात्र विकत घेऊ नये. परवानाधारक संस्थेकडून गरजेपुरते विमान भाड्याने घ्यावे, आणि शक्य असल्यास ते बी-२०० च मागावे, म्हणजे आपल्या धावपट्ट्यांवर आणि आपल्या प्रवासीसंख्येला ते कसे पुरते हे खरेदीपूर्वीच अनुभवता येईल.